‘ण’वरून नाव

भावाला मुलगी झाली. तिच्या नावासाठी भटजींनी फोनवर सांगितलं, “नक्षत्र हस्त, चरण तिसरं, अक्षर ण.” मी दुकानात होते, समोर गिऱ्हाईक उभं होतं. तरी वहीच्या मागच्या पानावर मोठा ‘ण’ काढला आणि त्याच्याकडं बघत राहिले. शेजारच्या जैन काकू रोज सकाळी णमोकार मंत्र म्हणतात, तेवढा सोडला तर ‘ण’नं सुरू होणारं काहीच मला आठवेना. नाव तर लांबच.

भटजींना त्याची सवय असणार. ते लगेच म्हणाले, “रास कन्या आहे. प, ठ, ण. हस्ताचं पहिलं चरण ‘पू’चं, त्यावरनं ठेवा, चालतंय.” घरी आई खूश झाली. पूजा, पूनम, पूर्वा, तिच्या बोटांवर नावं तयारच होती. पण आमच्या एका गल्लीत दोन पूर्वा आहेत, आणि एकीला हाक मारली की दुसरी वळून बघते. मी आईला म्हटलं, अकरा दिवस दे मला. भावाच्या मुलीचं नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, आणि मला ही एकच भाची आहे.

माझं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दिवसभर माझ्या हाताखालून लोकांची नावं जातात. आधारवर कानडी आणि इंग्रजी, रेशनकार्डावर कानडी, जमिनीच्या उताऱ्यावर कानडी, मराठी शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि बँकेत फक्त इंग्रजी. एकाच माणसाचं नाव या सगळ्या कागदांवर एकसारखं असेल तर मला आश्चर्य वाटतं. ज्ञानेश्वर घ्या. मराठी माणूस इंग्रजीत त्याला ‘डी’नं सुरू करतो, कानडी माणूस ‘जे’नं नाहीतर ‘जी’नं, कारण तिकडं ज्ञ चा उच्चारच वेगळा. तिन्ही बरोबर, पण पीक विम्याच्या फॉर्ममध्ये तीन ज्ञानेश्वर म्हणजे तीन माणसं. हृषिकेशचंही तेच. म्हातारी माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, “बाई, ह्यातला खरा मी कुठला?” त्यांना काय सांगायचं ते मला आजही कळत नाही. मी फक्त प्रतिज्ञापत्राचा नमुना काढून देते.

म्हणून नाव ठेवताना मी वहीत आधी कायद्याचंच लिहिलं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवता येतो, आणि १२ महिन्यांपर्यंत फी न भरता नाव घालता येतं. त्यानंतर फी भरून १५ वर्षांपर्यंत. लोक हे विसरतात. सहा वर्षांची मुलगी शाळेत घालायची वेळ येते आणि दाखल्यात नावाचा रकाना तसाच कोरा असतो, अशी दोन-तीन कुटुंबं दर जूनमध्ये माझ्याकडं येतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो, शाळेला तोच, पासपोर्टला तोच. म्हणजे त्या एका कागदावर जे नाव चढेल ते पोरीला आयुष्यभर पुरायला हवं.

आता माझ्या नावाचं सांगते, कारण त्याशिवाय माझा एवढा हट्ट कळणार नाही.

माझं नाव भागीरथी. आजीचं नाव, तिनंच माझ्या कानात सांगितलेलं. शाळेत मुलं ‘भागी’ म्हणायची, मला आवडायचं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर भागीरथी आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं, भाग्यश्री. सासरच्यांना जुनं नाव म्हातारं वाटलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे हसत होते, पेढे वाटले. मीही हसले. तांदळात लिहिलेलं नाव मोडून त्या तांदळाचा भात होतो, पण माझ्या आधारवर ते नाव चढलं, मग बँकेत, मग मतदार यादीत. दुकानासाठी कर्ज काढताना भागीरथी आणि भाग्यश्री ही एकच बाई आहे हे मला शपथेवर लिहून द्यावं लागलं. सही करताना हात थांबला होता. आता माहेरची चार माणसं सोडली तर मला भागीरथी म्हणणारं कुणी नाही. आजी तर गेलीच.

त्या अकरा दिवसांत माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. नाव असं हवं की कानडी तोंडात आणि मराठी तोंडात ते तेच राहील. आणि असं हवं की उद्या कुणाला ते ताटात पुसावंसं वाटणार नाही.

‘ण’नं सुरू होत नसेल तर ‘ण’ आत असू दे, असं मी ठरवलं. हे अक्षर दोन्ही भाषांत ठणठणीत आहे. कानडीत ण आहे, ळ आहे, आपल्यासारखेच. इंग्रजीत दोन्ही नाहीत, पण इंग्रजीत आपण घरी कुठं हाक मारतो!

पहिलं नाव आलं वेणू. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं, बांबूचं गाव. मला वाटलं, झालं, हेच. छोटं, गोड, आपल्या मातीतलं, आणि आजीच्या पिढीनंतर फारसं कुणी ठेवलेलं नाही. शेजारच्या कानडी अव्वांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मुलगा झाला काय?” कानडीत वेणू म्हणजे वेणुगोपाळ, मुलगाच. उद्या प्रत्येक फॉर्ममध्ये पोरीला ‘मुलगी’ या रकान्यावर दोनदा बोट ठेवायला लागणार. मी तीन दिवस त्या नावाभोवती फिरले, मग सोडलं. (गावाचं म्हणाल तर गावाच्या नावाचीही खेप झालीच. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर ते बेळगावी आहे. आम्ही घरात बेळगावच म्हणतो. नाव कागदावर बदलतं आणि तोंडात राहतं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.)

मग चांगुणा. श्रियाळ राजाची राणी. ही गोष्ट दोन्हीकडची आहे, कानडीत ते सिरियाळ आणि चंगळे. पण आपल्या चांगुणेचा ‘च’ हा चांदोबातला ‘च’. कानडी माणूस तो चंद्रातल्यासारखा म्हणणार. शिवाय आईनं कानावर हातच ठेवले. ज्या बाईला पोटचं पोर उखळात घालावं लागलं तिचं नाव बारशात नको, म्हणाली. मी वाद घातला नाही. आईचं खरं होतं.

एणाक्षी एका मैत्रिणीनं सुचवलं, हरणाच्या डोळ्यांची. अर्थ सुंदर. पण कानडीत ‘ए’ दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, तसेच ‘ओ’ही दोन. लिहिणारा कुठला लिहील ते त्या दिवसावर. तेही गेलं.

मग मी नद्यांकडं वळले. इथं ‘ण’ची अट थोडी सैल सोडली, कारण आजी नदीच्या नावाची, मी नदीच्या नावाची, आणि आमचा तालुका तर नद्यांचं माहेर. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आमच्या खानापूरवरून वाहते. पण मुलीच्या नावात ‘मल’ नको असं मलाच वाटलं, जरी त्या नदीवर माझा जीव आहे. म्हादई भीमगडच्या रानातली. म्हादई हे नाव मला इतकं आवडतं की लिहितानाही बरं वाटतं. पण ती आपल्याकडं म्हादई, कानडीत महादायी, आणि गोव्यात खाली गेली की मांडवी. एका नदीला जमतं ते, एका पोरीला कागदावर जमायचं नाही.

सातव्या दिवशी वहिनीचा फोन आला. वहिनी बाळंतपणाला माहेरी, चंदगड तालुक्यात. बाळाचा जन्म बेळगावच्या दवाखान्यात झाला, तिकडची कितीतरी माणसं दवाखान्याला बेळगावलाच येतात, आणि पाचव्या दिवशी ती माहेरी गेली. फोनवर ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, “ताई, मी एक सांगतो, राग मानू नका. आमच्या नदीचं नाव चालंल काय?” (आमच्या भागात बायकाही ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात.)

मी विचारलं, “कुठलं गे?”

“ताम्रपर्णी.”

मी फोन धरून गप्प बसले. शेवटी ‘ण’ होता. तोही साधासुधा नाही, रफार डोक्यावर घेतलेला.

ताम्रपर्णी चंदगडच्या डोंगरातून निघते, कोवाडवरून वाहते आणि पुढं घटप्रभेला मिळते. घटप्रभा बेळगाव जिल्ह्यातून जाते. म्हणजे ही नदी माहेरी महाराष्ट्रात जन्मून सासरी कर्नाटकात येते, वहिनीसारखीच. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. माणसांच्या सोयरिकी त्याआधी होत होत्या तशाच नंतरही होत राहिल्या. पाण्यालाही कुणी थांबवलं नाही.

अर्थ तांबूस पानांची. चैत्रात आंब्याला नवी पालवी फुटते ना, ती आधी हिरवी नसतेच, तांब्याच्या रंगाची असते, लवलवणारी. मला तेच डोळ्यांपुढं आलं. दुकानात बसून शोधलं तेव्हा कळलं की याच नावाची मोठी नदी तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडं आहे, आणि श्रीलंकेलाही एकेकाळी ताम्रपर्णी म्हणत, ग्रीकांनी त्याचंच ताप्रोबेन केलं. एवढा प्रवास केलेलं नाव चंदगडच्या एका खेड्यातल्या बाळंतिणीनं फोनवर भीत भीत सांगितलं होतं.

आईची हरकत दोन वाक्यांत होती. “हाक मारूस्तवर पोरगी शाळेतनं घरी येईल. आणि पोरं तांब्या म्हणतील गे तिला.” पहिल्याचं उत्तर सोपं होतं, घरात पर्णी म्हणायचं. दुसऱ्यावर मी रात्रभर विचार केला. चिडवायचं ठरवलं की पोरं कुठल्याही नावाला चिडवतात, मला ‘भागाकार’ म्हणायची. पण मी आईला देवघरात नेलं आणि विचारलं, आपल्या घटस्थापनेला काय लागतं? तांब्या. लग्नात करवलीच्या हातात काय असतं? तांब्याचा कलश. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बारशाच्या सामानाची यादी करताना तिनं स्वतःहून ‘पर्णीचं अंगडं’ असं लिहिलं, ते मी पाहिलं.

मग कागदाची परीक्षा. एका कागदावर मी नाव कानडीत लिहिलं, दुसऱ्यावर मराठीत, तिसऱ्यावर इंग्रजीत. कानडी मी शाळेत शिकले, लिहिता नीट येतं. आपला रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, कानडीत तो अक्षराच्या उजव्या बाजूला येतो, आणि बहुतेक चुका तिथंच होतात. कानडी कागद अव्वांना दिला, मराठी कागद भावाला, इंग्रजी कागद दुकानात आलेल्या कॉलेजच्या मुलाला. तिघांनी तेच नाव वाचलं. कॉलेजच्या मुलाचा ‘ण’ जरा ‘न’कडं झुकला, तेवढंच. अव्वांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “हेसरु भाळ छलो ऐति.” नाव फार छान आहे. त्या तोंडदेखलं बोलत नाहीत, हे मला वीस वर्षांचं माहीत आहे.

आता मधलं नाव. खरं तर आपल्यात मधल्या नावाचा विचार कुणी करतच नाही. बापाचं नाव तिथं आपोआप येऊन बसतं, लग्न झालं की ते उठतं आणि नवऱ्याचं बसतं. मुलीचं पहिलं नाव निवडायला घर जमतं, दुसरं आधीच ठरलेलं असतं.

माझ्या भावाचं नाव परशराम. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, ताम्रपर्णी परशराम. जीभ अडखळली. पर्णीचा ‘पर’ आणि परशरामचा ‘पर’ एकमेकांवर आपटतात. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. भावाला म्हणायला सांगितलं, तोही दोनदा अडकला.

वहिनीच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली ती गडहिंग्लजला. तिच्या दाखल्यात मुलीच्या नावानंतर आईचं नाव आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना सरकारी कागदावर तसंच लिहायचं आहे, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. इकडं कर्नाटकात ती सक्ती नाही. आई आणि वडील यांचे दाखल्यात वेगळे रकाने असतात, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात आपण लिहून देऊ ते चढतं. म्हणजे सक्ती नाही तशी मनाईही नाही. दोन सख्ख्या बहिणी. एकीचं नाव तिच्या मुलीच्या नावात राहणार आणि दुसरीचं नाही, ते केवळ दवाखाना कुठल्या राज्यात होता म्हणून. हे मला सहन होईना.

वहिनीचं नाव उषा. लग्नात तिचंही नाव बदलायचं चाललं होतं, तेव्हा ताटासमोर मी उभी राहिले होते आणि तांदळात भावाला ‘उषा’च लिहायला लावलं होतं. त्या दिवशी ती माझ्याकडं बघून काही बोलली नव्हती, पण पुढं माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तिचा पहिला फोन येतो.

मी वहीत लिहिलं: ताम्रपर्णी उषा परशराम. आणि मोठ्यानं वाचलं.

अडखळलंच नाही. पर्णी आणि परशराम यांच्या मध्ये उषा आली आणि दोन्ही ‘पर’ एकमेकांपासून सुटे झाले. लांब नाव, मग दोन अक्षरांचं आखूड नाव, मग पुन्हा भारदस्त नाव. ओवीत जसा श्वास घ्यायला जागा असते तशी. अर्थ तर मी जुळवायला गेलेच नव्हते, तो आपोआप जुळला होता. तांबूस पानं, आणि तांबडं फुटण्याची वेळ.

भावाला वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आक्का, माझं आहे की त्यात. मग काय.” आईला मात्र वेळ लागला. बापाआधी आईचं नाव लिहिलं तर लोक काय समजतील, याची तिला भीती. तिच्या वयाच्या बाईला ती वाटणारच, तिचं स्वतःचं नाव तिच्या कुठल्याच मुलाच्या नावात नाही. मी तेवढंच तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा रिकामा तापत राहिला, तरी तिच्या ते ध्यानात आलं नाही.

बारसं वहिनीच्या माहेरी झालं. पावसाची उघडीप होती. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, परातीत घुगऱ्या, सुंठवडा. बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मुलगी असली तरी तिथं गोविंद-गोपाळच म्हणतात. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, ‘कुर्रर्र’ केलं आणि पूर्ण नाव सांगितलं, आईच्या नावासकट. पाठीवर धपाधप धपाटे बसले, आत्याला ते खावेच लागतात. बाळ दचकलं नाही. वहिनी खाटेवर बसली होती, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी मुद्दाम सांगितलं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. संध्याकाळी आम्ही दोघी पुलापर्यंत चालत गेलो. ताम्रपर्णी दुथडी भरून लाल मातीच्या रंगानं वाहत होती.

जन्माच्या दाखल्यासाठी मी नाव कानडीत स्वतः लिहून चिठ्ठी दिली, इंग्रजी खाली, सुट्या अक्षरांत. दाखला हातात आल्यावर तिथंच उभं राहून अक्षर अन् अक्षर तपासलं. रफार जागेवर होता. उषा जागेवर होती. तीन प्रती काढल्या, एक लॅमिनेट केली, एक चंदगडला पाठवली, एक आईनं देवघराच्या खणात ठेवली. पुढच्या महिन्यात निळं बाल आधार काढायचं आहे.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझी एक खेप लग्नात गेली, एक शिल्लक आहे. काल रात्री कपाटातून एसएसएलसीचं मार्क्स कार्ड काढून ठेवलंय. आज दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी पहिला फॉर्म माझाच भरणार आहे.